धडधडीवर ॲब्लेशन सुचवलंय? खान्देशातून डॉक्टर कसा निवडायचा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या हार्टच्या डॉक्टरांनी "ॲब्लेशन करून घ्या" म्हटलं की घरी पहिली चर्चा गावावरून होते. मुंबई की नाशिक? नंदुरबार-नवापूरकडची मंडळी म्हणतात सुरत बरं, रावेर-यावलकडच्यांचं कुणीतरी इंदूरला असतं. हॉस्पिटलचं नाव, तिथली ओळख, राहायची सोय यावर अख्खी रात्र जाते, आणि प्रत्यक्ष काम कोणाच्या हातून होणार हा प्रश्न मागेच राहतो. आमच्या घरात हे ॲब्लेशन झालेलं आहे. त्यानंतर नात्यातली, ओळखीतली बरीच माणसं फाईल घेऊन विचारायला येतात. मी डॉक्टर नाही, औषधाचा सल्ला माझ्याकडून कोणी घेऊ नये. पण पेशंटच्या बाजूने काय तपासायचं, काय विचारायचं आणि कोणत्या क्रमाने, हे सांगता येईल.

आधी ॲब्लेशन म्हणजे काय ते थोडक्यात. हृदयाला ठोका देणारे विजेचे संकेत ठरलेल्या वाटेने जातात. काहींच्या हृदयात जन्मापासून एखादी जादा वाट असते. काहींच्या बाबतीत वयामुळे, बीपीमुळे किंवा झडपेच्या आजारामुळे भलत्याच जागेवरून संकेत निघू लागतात. जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर, म्हणजे लवचिक नळी, हृदयापर्यंत नेऊन ती नेमकी जागा शोधायची आणि उष्णतेने किंवा गोठवून निकामी करायची, एवढंच हे काम. शोधण्याच्या भागाला ईपी स्टडी म्हणतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही भाग एकाच बैठकीत उरकतात. छाती न उघडता माणसावर हे पहिल्यांदा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. तेव्हा विजेचा झटका वापरत, पुढे रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णता) आली, मग क्रायो (गोठवणं), आणि अलीकडे पल्स्ड फील्ड (विजेचे अगदी क्षणिक झटके).

पहिलं काम: धडधड चालू असतानाची ईसीजीची पट्टी मिळवा

डॉक्टर शोधण्याआधी हे काम करायचं, कारण चांगला डॉक्टर पहिल्या भेटीत हाच कागद मागतो. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुतेकदा नॉर्मल येतो. तो बघून "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पेशंटला घरी पाठवतात. बायकांच्या बाबतीत हे फार होतं आणि मला ते फार लागतं. एव्हीएनआरटी नावाची धडधड बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळते, आणि कित्येकींना वर्षानुवर्षं काळजीची नाहीतर झोपेची गोळी चालू असते.

गावाकडची म्हातारी दवाखान्यात "मनी छाती धडधड करस" एवढंच सांगून गप्प बसते. तिला घरच्यांनीच पुढचं विचारून ठेवायला हवं. धडधड एका क्षणात सुरू होते की हळूहळू वाढत जाते? थांबते तीही एकदमच का? ठोके एका लयीत पडतात की वेडेवाकडे? चक्कर येऊन पडल्यासारखं झालं का? कुंथल्यावर किंवा गार पाणी प्यायल्यावर थांबते का? ही उत्तरं तारखेसकट एका कागदावर लिहून ठेवा.

आमच्या वहिनींची धडधड अशीच रात्री सुरू झाली. भाऊ त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि आत शिरता शिरताच सिस्टरना म्हणाला, "ताई, आधी पट्टी काढा, मग इंजेक्शन द्या." पट्टीवर ठोके मिनिटाला १९० आले. नंतर डॉक्टरांनी ॲडेनोसिनचं इंजेक्शन दिलं तेव्हाही सिस्टरनी मशीन चालूच ठेवलं. काही सेकंद वहिनींना छातीवर दाब आल्यासारखं झालं, कागदावरची रेघ जरा वेळ सपाट गेली आणि मग ठोके शांत पडू लागले. तो हातभर लांब कागद पुढे ईपी डॉक्टरांनी, म्हणजे ॲब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांनी, टेबलावर पसरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने वाचला. निम्मं निदान तिथेच झालं.

अर्थात पेशंटची शुद्ध हरपत असेल, बीपी पडलं असेल, छातीत दुखत असेल तर कागदाचा विचार सोडून १०८ ला फोन करायचा आणि जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

या कागदाची काळजी घ्या. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापला जाणारा असतो आणि उष्णतेनेच फिका पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात नाहीतर गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेली पट्टी बघता बघता कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये सरळ वरून, सावली न पडू देता फोटो घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

धडधड दवाखान्यात जाईपर्यंत थांबत असेल तर होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावतात. साधा होल्टर २४ तासांचा असतो, पण ज्याला महिन्यातून एकदाच धडधड होते त्याचं त्या २४ तासांत बहुधा काहीही सापडत नाही. अशा वेळी जास्त दिवसांचं रेकॉर्डिंग मागायला संकोच करू नका. मोबाइलला जोडायची छोटी ईसीजी यंत्रं आणि काही घड्याळंही रेघ पकडतात. ती पीडीएफ डॉक्टरांना जरूर दाखवा.

याच जोडीला इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून ठेवा. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा रक्त फार कमी असेल तर आधी ते सुधारायचं असतं. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारच्या आदिवासी भागात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. घरात कोणाला असेल तर पेशंटचीही तपासणी करून घ्या आणि भूल देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप आकसलेली असेल तर आधी झडपेचा प्रश्न सोडवावा लागतो, नुसत्या ॲब्लेशनने भागत नाही.

कोणती धडधड आहे, यावर सगळं अवलंबून

ॲब्लेशन हा एकच शब्द असला तरी कामं वेगवेगळ्या अवघडपणाची असतात. म्हणून रिपोर्टवर नेमकं नाव काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

एव्हीएनआरटी आणि जादा वाटेमुळे होणारी एव्हीआरटी यांना मिळून बोलीत एसव्हीटी म्हणतात. जादा वाट साध्या ईसीजीत दिसत असेल तर रिपोर्टवर डब्ल्यूपीडब्ल्यू लिहिलेलं असतं. यांत अनुभवी हातांनी केलेलं ॲब्लेशन साधारण ९५ टक्क्यांच्या वर यशस्वी होतं आणि बहुतेकांची गोळी कायमची सुटते. एव्हीएनआरटीत एक धोका मात्र विचारून घ्यायचा. निकामी करायची जागा हृदयाच्या मुख्य वाटेला अगदी खेटून असते. ती वाट दुखावली तर पेसमेकर बसवावा लागतो. असं शंभरात एकापेक्षा कमी जणांच्या बाबतीत होतं, पण पंचविशीतल्या मुलीसाठी तोही प्रश्न मोठा आहे. डॉक्टर याबद्दल स्वतःहून बोलले तर ती चांगली खूण समजा.

वरच्या उजव्या कप्प्यातल्या नेहमीच्या एट्रियल फ्लटरचंही (एक प्रकारची जलद धडधड) काम चांगलं होतं. पुढे काहींना एएफ (त्याबद्दल खाली) सुरू होतं, त्यामुळे तपासणी सोडायची नाही.

एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी धडधड, हे वेगळंच प्रकरण. इथे डाव्या कप्प्यात जाण्यासाठी मधला पडदा छेदावा लागतो आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी काम करावं लागतं. मधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये पहिल्या वर्षी साधारण दहातल्या सहा ते आठ जणांचा ताल टिकतो. कायमच्या झालेल्या एएफमध्ये त्याहून कमी, आणि दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागू शकतं. जाडी, बीपी, झोपेत घोरताना श्वास अडकणं आणि दारू यांच्याकडे लक्ष न देता केलेलं एएफचं ॲब्लेशन टिकत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी लक्षात ठेवा.

खालच्या कप्प्यातले सुटे जादा ठोके, म्हणजे पीव्हीसी, होल्टरवर दिसले म्हणून लगेच ॲब्लेशन लागतं असं नाही. दिवसाच्या एकूण ठोक्यांत ते १० टक्क्यांच्या वर गेले, त्रास होऊ लागला किंवा इकोत हृदयाची ताकद कमी दिसली की विषय गंभीर होतो. व्हीटी (खालच्या कप्प्यातून येणारी वेगवान धडधड), लहान मुलं, किंवा जन्मजात दोषावर आधी ऑपरेशन झालेले पेशंट असतील तर मात्र जवळचं गाव शोधू नका. अशी कामं सतत होतात असं मोठं केंद्रच गाठा.

डॉक्टर खरोखर तालाचा आहे का

शेतातली मोटर पाणी देईना झाली की पाइपलाइन बघणारा माणूस वेगळा आणि स्टार्टर बघणारा वेगळा. हृदयाचंही तसंच आहे. अँजिओग्राफी करणारे, स्टेंट टाकणारे कार्डिओलॉजिस्ट रक्तवाहिन्यांच्या कामात तरबेज असतात. ॲब्लेशन करणाऱ्याला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात, बोलताना ईपी डॉक्टर. एमबीबीएस, एमडी मेडिसिन, मग डीएम किंवा डीएनबी कार्डिओलॉजी, आणि त्यावर फक्त हृदयाच्या तालाचं वेगळं प्रशिक्षण अशी ही वाट असते.

पाटीवर "हृदयरोगतज्ज्ञ" सगळेच लिहितात. म्हणून थेट विचारायचं, "सर, ईपीचं ट्रेनिंग तुम्ही कुठे आणि किती काळ घेतलंत?" प्रश्न आदराने विचारला तर कोणी रागावत नाही. उत्तर साधारण वर्ष-दोन वर्षांच्या फेलोशिपचं यायला हवं. पदवी आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटी ही या विषयातल्या डॉक्टरांची संघटना आहे. तिचं सदस्यत्व एवढ्यावर निर्णय घेऊ नका, पण माहितीत भर पडते.

दुसरा प्रश्न संख्येचा आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. "मला जे आहे त्याचं ॲब्लेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?" तुमच्याच आजाराचा आकडा मागा. सगळे पेसमेकर आणि सगळ्या ईपी स्टडी मिळून झालेल्या आकड्यावरून काही कळत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या सुमारे ९४ हजार एएफ ॲब्लेशनच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला २५ पेक्षा कमी ॲब्लेशन करणारे डॉक्टर आणि ५० पेक्षा कमी ॲब्लेशन होणारी हॉस्पिटलं यांच्याकडे गुंतागुंतीचं प्रमाण जास्त दिसलं. हा आकडा एएफचा आणि परदेशातला आहे, साध्या एसव्हीटीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी हात रोजचा असावा, एवढं त्यावरून निश्चित होतं.

मग विचारा: तुमच्या हातून गुंतागुंत कोणकोणती झाली, आणि झाली तेव्हा काय केलंत? "आमच्याकडे कधीच काही होत नाही" असं म्हणणाऱ्यापेक्षा हृदयाभोवती रक्त साचणं, जांघेत रक्ताची गाठ होणं, पक्षाघात, पेसमेकर लागणं यांची नावं घेऊन प्रत्येकाची शक्यता सांगणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवीन. शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्याकडून फाईल परत घ्यावी. हृदयाभोवती रक्त साचलं तर ते तिथल्या तिथे काढता आलं पाहिजे आणि वेळ पडली तर हार्ट सर्जन त्याच इमारतीत हवा, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी सर्जन हजर असतात का हेही विचारून घ्या.

थ्रीडी मॅपिंगचा, म्हणजे संगणकावर हृदयाचा नकाशा काढण्याचा, उल्लेख हल्ली सगळीकडे ऐकू येतो. एएफ, व्हीटी आणि पुन्हा उद्भवलेल्या धडधडीत त्याची गरज असते. साध्या एसव्हीटीत बऱ्याचदा त्याच्याशिवायही उत्तम काम होतं, आणि खर्चात मात्र बराच फरक पडतो. "माझ्या केसमध्ये ते कशासाठी?" हे विचारल्यावर समजेल असं उत्तर मिळायला हवं. पेशंट गरोदर असेल किंवा क्ष-किरण टाळायचे असतील तर उत्तर अर्थातच वेगळं असेल.

दोन डॉक्टरांची मतं घ्या. इथल्या ज्या कार्डिओलॉजिस्टनी तुम्हाला पाठवलं त्यांनाच विचारा, "साहेब, आणखी एक नाव सांगा, आणि तुमच्या घरचं माणूस असतं तर कुठे नेलं असतं?" बाहेरगावचे ईपी डॉक्टर ठरावीक वारी जळगाव किंवा धुळ्याला तपासायला येत असतील तर पहिली भेट इथेच घ्या. ऑपरेशन नेमकं कुठल्या कॅथलॅबमध्ये (हे काम करायच्या खोलीत) होणार, ते स्वतः करणार की त्यांचे सहकारी, आणि ते परत गेल्यावर रात्री पेशंटकडे कोण बघणार, एवढं मात्र स्पष्ट करून घ्या.

गाव आणि पैसा

अंतराची काळजी ज्याची त्याला असते. धुळ्याहून नाशिक किंवा जळगावहून छत्रपती संभाजीनगर हे दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, भुसावळहून मुंबई साडेचारशेच्या आसपास. पण एसव्हीटीचं ॲब्लेशन बहुतेकांचं आयुष्यात एकदाच होतं. त्या एका कामासाठी रात्रीची गाडी पकडायची वेळ आली तरी हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एएफचं गणित थोडं वेगळं, तिथे तपासणीसाठी वारंवार जावं लागतं. दोन डॉक्टर सारख्याच अनुभवाचे वाटले तर जवळचा निवडा.

योजनांचं आधी बघा, पैसे भरून झाल्यावर धावाधाव उपयोगाची नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटल यादीत असलं तरी तिथे हृदयाच्या तालाचं पॅकेज चालतं का, आणि ज्या डॉक्टरसाठी तुम्ही जाताय तेच योजनेतून करतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरीच बघून घ्या, निम्मी माणसं तिथे अडतात. सुरत-इंदूरला जायचं असेल तर महाराष्ट्राची योजना तिथे चालेल असं धरून निघू नका. आयुष्मान कार्ड चालेल का ते आधी फोन करून पक्कं करा.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी रेल्वे हॉस्पिटलचं रेफरल घेतल्याशिवाय, आणि माजी सैनिकांनी ईसीएचएसचं (त्यांच्या आरोग्य योजनेचं) पत्र घेतल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. मुंबईत परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात कमी खर्चात काम होतं. तिथे थांबावं लागतं, पण रोज भरपूर पेशंट बघणारे हात असतात. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला सोबत असेल तर समाजसेवा विभागात जाऊन ते मागता येतं.

खाजगीत करणार असाल तर अंदाजपत्रक लेखी घ्या. कॅथेटरचा खर्च त्यात धरलाय का? कॅथेटर नवीन वापरणार की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेलं? दुसरा दिवस राहावं लागलं तर किती? मेडिक्लेम असेल तर कॅशलेसची मंजुरी तारीख ठरायच्या आधी.

तारीख ठरल्यावर

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. एसव्हीटीत धडधडीची गोळी काही दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण धडधड मुद्दाम सुरू करून जागा शोधायची असते. एएफमध्ये रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालूच ठेवतात. कोणती, कधीपासून, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. एसव्हीटीचं काम बऱ्याचदा जांघेत सुन्न करून, पेशंट जागा असतानाच होतं. मध्येच धडधड सुरू झाली तर घाबरायचं नाही, ती डॉक्टरच करत असतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडायचं आणि साधारण दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर पाण्याची कळशी, खताची गोणी, मोटारसायकलची किक बंद. केळीची कटाई, कापसाची वेचणी यांच्या तोंडावर तारीख घेऊ नका. पेशंट ऐकत नाही, कामाला लागतो.

परतीच्या प्रवासात जांघ ओली लागली तर गाडी थांबवून तिथे हाताने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. रक्त थांबेना किंवा गाठ फुगू लागली तर जवळच्या हॉस्पिटलात जा.

एएफचं ॲब्लेशन झालेल्यांसाठी एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो, कारण खेड्यावर परतल्यावर ती हमखास राहून जाते. एक ते आठ आठवड्यांत थंडी वाजून ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, किंवा हात-पाय-वाचा यांत अचानक बदल झाला तर ते साध्या तापावर काढू नका. क्वचित, हजारात एखाद्या वेळेपेक्षाही कमी, पण हृदय आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडू शकतं आणि ते जिवावर बेततं. गावातल्या डॉक्टरांना "एएफचं ॲब्लेशन झालंय" हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा वेळी तोंडातून दुर्बीण घालायची नसते, छातीचा सीटी स्कॅन करायचा असतो, आणि ज्यांनी ॲब्लेशन केलं त्यांना ताबडतोब फोन करायचा असतो. म्हणून डॉक्टर निवडतानाच विचारा, "रात्री-अपरात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा?" नंबर आणि माणसाचं नाव मिळालं नाही, नुसता रिसेप्शनचा नंबर दिला, तर मी तो डॉक्टर दुसऱ्या क्रमांकावर टाकीन.

एएफनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधूनच धडधड आली तर ॲब्लेशन फसलं असं लगेच समजत नाहीत, आतली जखम भरत असते. रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन-तीन महिने चालतेच, आणि पुढे ती बंद करायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. बरं वाटतंय म्हणून ती कोणी सोडू नये. पुढचे होल्टर आणि ईसीजी जळगाव-धुळ्यात काढून रिपोर्ट मोबाइलवर पाठवले तर चालतील का, हे डिस्चार्जच्या दिवशीच ठरवून घ्या, आणि ऑपरेशनचा तपशीलवार रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका. पुन्हा कधी धडधड झाली तर पुढचा ईपी डॉक्टर सगळ्यात आधी तोच मागेल.